सापळेवाल्या आत्या

खोली दाखवायच्या आधी आत्यांनी माझा उजवा हात धरला, नाकाजवळ नेला आणि दोनदा हुंगला. मग डावा. मी दारात बॅग घेऊन उभी होते. माझ्याबरोबर आलेल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाला यात काही विशेष वाटलं नाही. तो अंगणातल्या कडुनिंबाकडं बघत राहिला.

"पावडर लावतीस का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"हितं न्हाई चालायची. अन् हे बदामाचं तेल बी न्हाई."

मी कृषी सहायक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. माहेर परळीकडं, धर्मापुरीच्या जवळ. नेमणूक मात्र जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पुढच्या एका लहान गावात मिळाली. गावात भाड्यानं मिळण्यासारखी आणि न्हाणीघर असलेली एवढी एकच खोली होती. त्यामुळं पावडरचा डबा मी बॅगेतून बाहेर काढलाच नाही. चार वर्षं काढला नाही. आजही कुणी अंगाला सुगंधी काही लावून शेजारी बसलं की मी जरा बाजूला सरकते. लोकांना वाटतं मला ॲलर्जी आहे.

सगळं गाव त्यांना आत्या म्हणायचं, कारण त्या गावच्या लेक होत्या. चकलांब्याला दिल्या होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. तेव्हा भावानं स्वतः जाऊन त्यांना आणलं आणि चार एकर रान त्यांच्या नावावर करून दिलं. भाऊ आता नव्हता. भाचे पुण्याला होते. आत्या एकट्या त्या चार एकरांत कापूस आणि कडेनं तूर करायच्या.

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं सगळ्यांच्या कापसाची वाट लावली, त्याच्या पुढच्या हंगामात माझ्या आधीच्या कृषी सहायकानं त्यांच्या रानात नमुन्यादाखल एक सापळा लावून दिला होता. प्लास्टिकचं नरसाळं, त्याखाली लांब पिशवी आणि वरच्या झाकणाला अडकवलेली रबराची एक बारकी गोळी. त्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. नर रात्री त्या वासानं येतात, नरसाळ्यातून पिशवीत पडतात आणि परत बाहेर निघू शकत नाहीत. पिशवीत रोज किती पडले यावरून रानात अळी कितपत येणार याचा अंदाज बांधायचा. आत्यांनी पहिल्या सकाळी त्या पिशवीत डोकावून पाहिलं, त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेनासं झालं, असं शेजारीण सांगायची. कुणाला गुरं आवडतात, कुणाला भजन. आत्यांना सापळे आवडायचे.

सरकारी कागदांत याला कामगंध सापळा म्हणतात. पहिल्या ग्रामसभेत हा शब्द उच्चारताना माझी फार पंचाईत झाली. समोर पन्नास-साठ बाप्ये बसलेले, मी बावीस वर्षांची. मी नुसतंच "गंध सापळे, गंध सापळे" म्हणत होते आणि मागच्या रांगेतली पोरं मुद्दाम कसला गंध ते विचारत होती. आत्या बायकांच्या घोळक्यातून उठल्या आणि म्हणाल्या, "नवरीचा वास हाय रं त्यो. नवरीच्या वासानं नवरदेव येतेत अन् पिशवीत पडतेत. तुमचं काय येगळं झालं?" मागची रांग गप्प झाली. त्यानंतर मला त्या गावात तो शब्द बोलायला कधी लाज वाटली नाही.

गोळीला दुसरा वास लागला की ती बिघडते, हे खरंच आहे. हाताला तंबाखू, कांदा, लसूण काही नको, हे मीच लोकांना सांगायचे. पण आत्यांनी त्याचं सोवळं करून टाकलं होतं. दर तीन-चार आठवड्यांनी गोळ्या बदलाव्या लागतात; त्याच्या आदल्या दिवसापासून घरात कांदा-लसूण बंद. हात राखेनं घासायचे, साबणानं नाही. देवापुढं उदबत्ती नाही, नुसता दिवा. एकदा कीर्तनाला आलेले महाराज त्यांच्याकडं जेवायला होते. ताटात कांदा-लसणाचा मागमूस नाही हे पाहून ते प्रसन्न झाले आणि चातुर्मास पाळणाऱ्या माउली आता कमी झाल्या असं म्हणाले. आत्यांनी वाढता वाढता सांगितलं की चातुर्मास त्या पाळत नाहीत, उद्या गोळ्या बदलायच्या आहेत.

त्या एका सापळ्याला जोडून त्यांनी स्वतःच्या पैशानं आणखी सापळे लावले होते. रोज सकाळी ते बघून आल्या की त्या रस्त्याकडच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायच्या. एका सापळ्यामागं सरासरी किती नर पडले तो आकडा. सलग तीन दिवस आठ पडले की सावध व्हायचं, हे एव्हाना सगळ्या गावाला पाठ झालं होतं. रानात जाणारी माणसं आत्यांची भिंत वाचून पुढं जायची. एका सकाळी त्यांनी पाच लिहिले आणि कुणीतरी खोडसाळपणानं त्यापुढं शून्य काढलं. दुपारपर्यंत निम्मं गाव औषध आणायला उमापूरला निघालं होतं. आत्यांनी फाट्यावर उभं राहून एकेक मोटारसायकल माघारी फिरवली. त्या दिवसापासून त्या आकडा अक्षरी लिहू लागल्या. पाच. सात. शाळा त्यांची तिसरीपर्यंतच झालेली, पण अक्षर ठसठशीत.

त्यांच्याकडं एक जुना फ्रिज होता. भाच्यानं आईसाठी घेतलेला, आईच्या मागं आत्यांकडं आला. उष्णतेनं गोळीचा वास उडतो म्हणून त्याच्या बर्फाच्या कप्प्यात एका स्टीलच्या डब्यात गोळ्या. खालच्या कप्प्यांत दही, दूध, काय असेल ते. फ्रिज उघडायचा अधिकार फक्त त्यांना. उन्हाळ्यात पाहुणा थंड पाणी मागायला लागला की माठ दाखवायच्या. मीही कधी त्या फ्रिजला हात लावला नाही. आणि पुढं जे झालं ते यातूनच झालं.

माझं दुसरं वर्ष होतं. पोळा होऊन गेला होता. एका संध्याकाळी मी खोलीत भजी करत होते. कांद्याची. उद्या गोळ्या बदलायच्या आहेत हे मी साफ विसरले होते. आत्या दारात आल्या आणि शेजारच्या दोन बायकांच्या देखत मला नको नको ते बोलल्या. मीच लोकांना शहाणपण शिकवते आणि मलाच कळत नाही, असं बरंच काही. मी गॅस बंद केला, भजी तशीच गाईला घातली आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांनीही सोडलं.

दोनच दिवसांनी तालुक्याहून सरकारी गोळ्या आल्या. गावातल्या चाळीस शेतकऱ्यांना वाटायच्या होत्या. वाटप सोपं जावं म्हणून मी अंगणात बसून पाकिटं फोडली, चार-चार गोळ्यांच्या कागदी पुड्या बांधल्या आणि स्कूटीच्या डिक्कीत भरून ठेवल्या. आत्या ओट्यावर गहू निवडत होत्या. एकदा त्यांनी मान वर केली, काहीतरी बोलणार असं वाटलं. मी तोंड फिरवलं. फ्रिजमध्ये ठेवता का, एवढं विचारायला माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी वाटप करणार होते, तर घरून फोन आला, महालक्ष्म्यांना ये. मी एसटीनं गेले. दोन दिवसांचे सहा झाले. स्कूटी आत्यांच्या अंगणात, भादव्याच्या उन्हात, किल्ली माझ्या पर्समध्ये. परत आले तर सीटवर ओलं पोतं टाकलेलं. सीटचा फोम भिजला म्हणून माझा पारा आणखी चढला. तशीच निघाले आणि दोन दिवसांत सगळ्या पुड्या वाटून टाकल्या. आत्यांनीही रांगेत उभं राहून आपली पुडी घेतली.

चार-पाच दिवसांनी शेतकऱ्यांचे फोन यायला लागले. सापळे रिकामे आहेत. कुणाच्या पिशवीत एक, कुणाच्या एकही नाही. सगळे खुशीत होते, मीही. तालुक्याला अहवाल पाठवला, प्रादुर्भाव नाही. साहेबांनी ग्रुपवर अंगठा दाखवला.

फक्त आत्यांच्या भिंतीवर वेगळंच लिहिलेलं असायचं. अकरा. बारा. पुन्हा अकरा.

एका सकाळी पारावर दहा-पंधरा माणसं जमली होती. मी पीक पाहणीच्या याद्या घेऊन बसले होते. आत्या आल्या. त्यांच्या हातात मी वाटलेल्या गोळ्यांपैकी एक होती. ती त्यांनी सगळ्यांसमोर नाकाला लावली आणि म्हणाल्या, "म्याडम, ह्याला वास न्हाई."

इतक्या दिवसांनी त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलत होत्या, आणि मॅडम म्हणत होत्या. मी हसले. माणसाच्या नाकाला तो वास येतच नाही, पुस्तकात लिहिलंय, हे मी तिथं सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकही हसले. कुणीतरी म्हणालं, आत्यांना आता पतंगाचं नाक आलं. आत्या गोळी मुठीत धरून निघून गेल्या.

पण गाव तिथं थांबलं नाही. आत्यांच्या बांधाला लागून एक वयस्क शेतकरी होता, त्याला सगळे तात्या म्हणायचे. त्याच्या डोक्यात आलं की सगळ्यांचे सापळे रिकामे आणि आत्यांचे भरलेले, याचा अर्थ आत्याच लांबलांबचे पतंग बोलावून घेतात. आज त्यांच्या रानात आले, उद्या बांध ओलांडतील. ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांना पटली. सरपंचांना घेऊन सात-आठ जण आत्यांच्या अंगणात आले आणि सापळे काढून टाका म्हणाले. तात्याचा आवाज सगळ्यांत मोठा. तुमचा शौक हाय अन् मरण आमचं, असं तो म्हणाला.

मी खोलीच्या दारात उभी होते. सरपंचांनी मला विचारलं, "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

सापळा म्हणजे काही सगळ्या शिवारातले पतंग ओढून आणणारं यंत्र नाही, हे मला माहीत होतं. पण ते म्हणायचं तर पुढचा प्रश्न येणार होता. आत्यांचे सापळे खरं बोलत असतील तर बाकी सगळ्यांचे का बोलत नाहीत? तो प्रश्न मला स्वतःलाच नको होता. मी म्हणाले, बघून सांगते.

आत्यांनी लोकांकडं दोन दिवसांची मुदत मागितली. भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी माझं दार वाजवलं. "चल," एवढंच म्हणाल्या. आम्ही तात्याच्या रानात गेलो. तात्या तिथंच होता. आत्यांनी त्याला सांगितलं की वीस बोंडं फोडून बघते, सगळी साफ निघाली तर सापळे आजच उपटते. तो हो म्हणाला.

रानात शिरल्यावर पहिल्यांदा मला दिसल्या त्या डोमकळ्या. अळी शिरलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं राहतं. एक, दोन, मग जिकडं बघावं तिकडं. मी आठवडाभर सापळ्यांचे फोन घेत होते, पण रानात उतरून फुलाकडं बघितलं नव्हतं. आत्यांनी हिरवी बोंडं तोडून ओच्यात घेतली, बांधावर बसल्या आणि एकेक फोडू लागल्या. चौथ्यात अळी. नवव्यात अळी. वीस होईपर्यंत पाच निघाल्या. गुलाबी, तांदळाएवढ्या. तात्या खाली बसला. त्यानं एक फोडलेलं बोंड हातात घेतलं.

येताना वाटेत आत्यांनी मला एकच विचारलं, "पुड्या कुठं ठेवलत्या?"

"ऑफिसात," मी म्हणाले.

त्या पुढं चालू लागल्या. आम्ही घरी पोचलो. मी खोलीत जाऊन कॉटवर बसले आणि मला स्वतःची इतकी शरम वाटली की पाणीसुद्धा प्यावंसं वाटेना. गोळ्या उन्हात भाजल्या, पेट्रोलच्या वासात राहिल्या, त्याही पाकिटं फोडलेल्या. ते एक झालं. पण आत्ता, पाच अळ्या डोळ्यांनी बघून आल्यावर, मी वर खोटं बोलले होते. आणि ते ज्यांच्याशी बोलले त्या सरळ आत जाऊन चहा ठेवत होत्या.

चहा व्हायच्या आत मी बाहेर पडले. सरपंचांना सांगून पारावर माणसं बोलावली. उभं राहून सांगितलं की मी वाटलेल्या गोळ्या मेलेल्या होत्या, माझ्या डिक्कीत सहा दिवस उन्हात होत्या, चूक माझी आहे, आत्यांचे सापळे खरे आहेत. आज प्रत्येकानं आपल्या रानात बोंडं फोडून बघा, मी बरोबर येते. एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं तक्रार करा, कुणी म्हणालं हिचं काय जातंय, पगार चालूच आहे. तात्या काही बोलत नव्हता, तेच मला जास्त लागत होतं.

आत्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

"तिनं सांगितलं म्हणून कळलं," त्या म्हणाल्या. "न्हाई तर तुमी माझे सापळे उपटून तुमची रिकामी पिशवी बघत बसला असता. आता बोंडं फोडायची का हिला?"

त्या दिवशी आणि पुढचे आठ दिवस आम्ही दोघींनी गावातलं एकही रान सोडलं नाही. डोमकळ्या वेचून जाळल्या. जिथं कमी होतं तिथं निंबोळीच्या अर्कावर भागलं, जिथं जास्त होतं तिथं औषध फवारावं लागलं. आत्यांनी आपल्या डब्यातल्या गोळ्या काढून दर चार रानांत एक अशा लावून दिल्या. बहुतेकांचा कापूस बऱ्यापैकी निघाला. तात्याचा निघाला नाही. त्याचं रान सखल, तिथं अळी आधी लागली होती. दुसऱ्या वेचणीला नुसती कवडी, म्हणजे न फुललेला किडका कापूस, हाताला आली. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या म्याडम, म्या बी त्यांचे सापळे उपटाय निघालतो." यानं मला बरं वाटायला नको होतं, तरी थोडं वाटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी आत्यांना विचारलं, तुम्हाला त्या गोळीचा वास खरंच येतो का?

"माणसाला कुठला येतोय," त्या म्हणाल्या. "म्या तुझी एक गोळी माझ्या गोळीजवळ लावून बघितलती. माझ्यात अकरा, तुझ्यात काय न्हाई. अन् गाडी तर माझ्याच अंगणात हुती. किल्ली असती तर काढून ठिवल्या असत्या. न्हाई म्हणून पोतं भिजवून टाकीत हुते, दिवसातून दोनदा."

"मग पारावर तसं का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत काय म्हणू? पोरीनं गोळ्या भाजल्या म्हणू? म्हणलं वास न्हाई म्हणावं, तुला आपोआप कळंल. तू तर पुस्तक काढलंस."

त्या उठल्या आणि गाईला वैरण टाकायला गेल्या.

आता माझी बदली होऊन बराच काळ झाला आहे. मी परळीकडंच आहे. आत्यांचे गुडघे दुखतात, रान त्यांनी अर्धेलीनं तात्याच्या मुलाला दिलंय. त्या अजून फोन करतात, पण तब्येत विचारायला नाही. यंदा तुमच्याकडं किती पडतेत, हा पहिला प्रश्न.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या वेळी मला तालुक्याहून कारणे दाखवा नोटीस आली होती. सोबत बदलीचंही बोललं जात होतं, कुठंतरी आडवाटेला. मी खुलासा लिहिला, जे झालं ते लिहिलं, आणि वाट बघत बसले. पुढं काहीच झालं नाही. नुसती समज देऊन प्रकरण मिटलं. मला वाटायचं साहेबांना दया आली. परवा तालुक्याचे जुने कारकून एका लग्नात भेटले, त्यांनी सांगितलं. त्या आठवड्यात एक म्हातारी बाई एसटीनं गेवराईला आली होती. साहेबांच्या दाराशी सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिली. आत बोलावल्यावर तिनं आधी साहेबांच्या टेबलावरची उदबत्ती विझवली, मग सांगितलं की पोरीची बदली करू नका. साहेब म्हणाले, तिच्यामुळं तुमच्या गावाचं नुकसान झालं, आणि तुम्हीच तिच्यासाठी आलात?

"हिचं चुकून झालं, साहेब," ती म्हणाली. "नवी पाठवली तर तिला बी एकदा चुकावं लागंल. त्याच्यात आमचा अजून एक हंगाम जाईल."